तालुक्यातील स्त्रियांचे हृदय उजवीकडे असल्याबाबत

धाडहून बुलढाण्याकडे येताना एक बऱ्यापैकी मोठं गाव लागतं. तिथल्या सरकारी दवाखान्यानं पाणी उकळायला दोन पातेली मागितली होती. दोन वर्षं पत्रव्यवहार झाला आणि एकोणीसशे चौसष्टच्या दिवाळीनंतर, त्याच मागणीच्या संदर्भ क्रमांकावर, हृदयाचा आलेख काढणारं यंत्र येऊन दाखल झालं. यंत्र परत पाठवता येईना. पाठवलं असतं तर दवाखान्याला पातेली नकोत असा त्याचा अर्थ झाला असता.

यंत्रासोबत एक पत्र होतं. एकतीस मार्चपर्यंत शंभर आलेख काढावेत. न काढल्यास यंत्र अनावश्यक समजून परत नेण्यात येईल, आणि ज्या दवाखान्याला यंत्र अनावश्यक वाटतं तो दवाखाना कितपत आवश्यक आहे हेही तपासण्यात येईल.

डॉक्टर लक्ष्मीकांत हे पुण्याकडचे. त्यांना तातडीनं नागपूरला सहा दिवसांच्या शिक्षणाला धाडण्यात आलं. पहिल्या दिवशी त्यांना यंत्राची ओळख झाली. पुढच्या चार दिवसांत कागदावरच्या रेषा कशा वाचायच्या, ठोका कुठं चुकला हे कसं ओळखायचं, झटका आल्यावर रेषा कशी वर उचलली जाते, हे सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलं. सहाव्या दिवसाचा विषय होता 'नेहमी होणाऱ्या चुका'. पण सहाव्या दिवशी निघालं असतं तर रविवार एसटीत गेला असता, म्हणून डॉक्टर पाचव्या दिवशीच निघाले. तेवढा चुकांचा भाग राहिला. बाकी त्यांना सगळं येत होतं.

यंत्राच्या तारा बांधण्याचं काम आलं उकंडराव कंपाउंडरकडे. अठरा वर्षांच्या नोकरीत उकंडरावांच्या हातून बाटली फुटली नव्हती आणि तोंडून प्रश्न निघाला नव्हता. डॉक्टरांनी कारकून रंगरावांना टेबलावर निजवून प्रात्यक्षिक दाखवलं. दोन मनगटं, दोन घोटे; प्रत्येकावर मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापडाची घडी, तिच्यावर धातूची पट्टी, पट्टीवर रबराचा पट्टा आणि पट्टीला तार.

"ही लाल तार मुख्य," डॉक्टर म्हणाले. "ती उजव्या हाताला. पिवळी डाव्या हाताला. लक्षात राहील ना?"

"हाव सायेब," उकंडराव म्हणाले.

त्यांच्या लक्षात राहिलं, आणि जरा जास्तच राहिलं. उकंडरावांचा आजा पंचक्रोशीतला नाडी पाहणारा. पुरुषाची नाडी उजव्या हाताची आणि बाईची डाव्या हाताची पाहायची, हे उकंडराव चालायला लागायच्या आधीपासून बघत आले होते. मुख्य तार म्हणजे नाडीची तार, हे उघड होतं. रंगराव पुरुष होते म्हणून डॉक्टरांनी ती उजव्या हाताला लावली. बाईला कुठं लावायची हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, कारण ते कोणालाही ठाऊक असतं. उकंडरावांनी विचारलं नाही, तेही त्याच कारणानं.

छातीवर लावायची एक रबरी वाटीही यंत्रासोबत होती. ती फक्त पुरुषांना लावायची असं ठरलं. दवाखान्यात नर्सची जागा होती. नर्स चार वर्षं नव्हती. तेव्हा पदराआडचं हृदय मनगटावरूनच अजमावायचं, असा शिष्टसंमत मार्ग निघाला.

शंभर आलेखांसाठी शंभर माणसं लागतात, आणि हृदयाचं दुखणं सांगत येणारे वर्षाला चार. मग बाजाराच्या दिवशी दार उघडं ठेवून मोहीम सुरू झाली. दात काढायला आलेल्याचा आलेख निघाला, दात दुखणाऱ्याला घेऊन आलेल्या मेहुण्याचाही निघाला. पत्ता विचारायला आत आलेला एक इसम तर आलेख घेऊन बाहेर पडला, पत्ता न घेता.

पहिल्या बाईचा कागद यंत्रातून सरकत बाहेर आला आणि डॉक्टर खुर्चीतून उठले. पहिल्या ओळीतली टोकं पुरुषांमध्ये वर जायची, ती इथं सगळी खाली गेली होती. त्यांनी वही उघडली. वहीत लिहिलं होतं: 'पहिली ओळ उलटी असल्यास हृदय उजवीकडे. अत्यंत दुर्मिळ.' त्याच्या खालची ओळ सहाव्या दिवशी लिहायची होती.

दुसरी बाईही दुर्मिळच निघाली. तिसरीही. संक्रांतीपर्यंत सव्वीस पुरुष झाले, सगळे डावीकडे. एकतीस बायका झाल्या, सगळ्या उजवीकडे. एखाद्या शंकेखोर माणसाला इथं काही खटकलं असतं. डॉक्टर शास्त्रीय वृत्तीचे होते. ते म्हणाले, "एकही अपवाद नाही, त्याअर्थी शंकेला जागा नाही."

कारणही त्यांना दवाखान्याच्या खिडकीतून दिसलं. समोर विहीर होती आणि बायका डाव्या कडेवर घागर घेऊन चालल्या होत्या. पिढ्यान्पिढ्या डावीकडून घागर रेटते. हृदय बिचारं किती दिवस अंग चोरून बसणार? ते सरकत सरकत उजवीकडे गेलं. डॉक्टरांनी चौदा पानी अहवाल लिहिला. तो जिल्ह्याला गेला, जिल्ह्यानं वर पाठवला, वरच्यांनी त्याच्याही वर. वाटेत सात अधिकाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. सातांपैकी सहा विवाहित होते. पण कार्यालयीन बाब घरी न्यायची नाही, असा नियम होता.

फेब्रुवारीत परिपत्रक आलं. तालुक्यातील स्त्रियांनी सम तारखेस डाव्या कडेवर व विषम तारखेस उजव्या कडेवर घागर घ्यावी. विहिरीवर ग्रामसेवक वही घेऊन बसला.

"आज सतरा तारीख, अंबूबाई. घागर उजव्या कडेवर घ्या."

अंबूबाई म्हणजे वांगी-मिरची पिकवून बाजारात विकणारी, गावातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. "उजव्या कडेवर नात हाय ना बाप्पा!"

"नातीले डावीकडं घ्या."

"अन् थे रडली त तिले तारीख तू सांगशीन काय बे?"

ग्रामसेवकानं वहीत 'सहकार्य नाही' असं लिहिलं आणि दिवसभरात तो शेरा एकेचाळीस वेळा लिहिला.

इथपर्यंत उकंडरावांचं काही बिघडलं नव्हतं. दुर्मिळ बायका त्यांच्या हातून बांधल्या जात होत्या, आणि अहवालाच्या एका नकलेत तर 'कंपाउंडरचे कौशल्य उल्लेखनीय' असंही आलं होतं. मग मार्च लागला, आणि त्यांची लेक शारदा मास्तरीण व्हायला निघाली.

उकंडरावांच्या घराण्यात नाडी वाचणारे झाले होते, पुस्तक वाचणारी शारदा पहिली. तिनं बुलढाण्याला शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलं होतं. जिल्हा परिषदेचा हुकूम आला: शेजारच्या तालुक्यातल्या धामणगाव बढे इथल्या शाळेत एकतीस मार्चपूर्वी, प्रकृतीच्या दाखल्यासह रुजू व्हावं. रुजू न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. पुढचा उमेदवार कोणाचा तरी साडभाऊ होता आणि तो हुकूम निघायच्या आधीच धामणगावात खोली पाहून आला होता.

दाखल्याच्या छापील नमुन्यात यंदा एक रकाना वाढला होता: 'हृदय यथास्थानी आहे काय?'

शारदाला टेबलावर निजवण्यात आलं. बापानं लेकीच्या मनगटावर ओली घडी ठेवली, मायेनं पट्टा आवळला आणि लाल तार डाव्या हाताला लावली. एकूण आलेख सत्त्याण्णव, त्यांत स्त्रिया एकसष्ट. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि रकान्यात लिहिलं: 'नाही.'

सत्यभामाबाईंनी, म्हणजे शारदाच्या मायनं, चुलीपुढं पदर डोळ्याला लावला. शारदा रडली नाही. ती दवाखान्यात गेली, यंत्राच्या खोक्यात तळाशी पडलेलं इंग्रजी पुस्तक उचलून तिनं घरी आणलं आणि एका चित्रावर बोट ठेवून बापापुढं उभी राहिली.

"बा, तुमी माह्या डाव्या हाताले लाल तार काऊन बांधली?"

"मंग? बाईची नाडी डाव्या हाताची पाह्यतात."

"यंत्र काय नाडी पाहून राह्यलं? हे पाहा. लाल उजवीकडं, पिवळी डावीकडं. सगळ्याइले."

उकंडरावांनी चित्र निरखून पाहिलं. "हा त माणूस हाय. मिशा हायेत त्याले."

"बा!"

"अवं, बाईचं चित्र दाखव मले, मंग बोल."

शारदानं तीन पानं उलटली. बाईचं चित्र होतं. लाल तार उजव्या हाताला होती. उकंडराव बाजेवर बसले. मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, आणि एकसष्ट बायका बोटांवर मोजून व्हायला बराच वेळ लागला.

"एका तारेनं?" ते पुटपुटले.

"तार चुकली त रेघ उलटी होते. हृदय आपल्या जागीच हाय सगळ्याइचं. जा अन् डॉक्टरले सांगा."

"सांगतो. पण उद्या. उद्या बाजार हाय, गर्दीत बोलणं सोपं जाते."

बाजाराच्या दिवशी अंबूबाई आली. पाटी रस्त्यातच टाकून आली होती. घामानं लुगडं भिजलेलं, आवाज बसलेला. "छातीवर वरवंटा ठेवल्यावानी होऊन राह्यलं," ती म्हणाली. "डावा हात गळून गेला माह्या."

डॉक्टरांनी नळी स्वतःच्या अहवालाप्रमाणे छातीच्या उजव्या बाजूला टेकवली. "आवाज मंद आहे. वात दिसतो. उकंडराव, सोडा द्या. आणि आलेख काढून ठेवा, एक वाढेल."

उकंडरावांनी सोडा बाजूला ठेवला. त्यांनी बाईच्या उजव्या हाताला लाल तार बांधली, जन्मात पहिल्यांदा. कागद सरकत आला. पहिली ओळ सरळ होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत मात्र प्रत्येक ठोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा आला होता.

"सायेब, हे वशिंड कायचं?"

डॉक्टरांचं वशिंडाकडे लक्ष नव्हतं. ते पहिली ओळ बघत होते. "डावीकडे! उकंडराव, या बाईचं हृदय डावीकडे आलं! जागेवरून सुटलं! जीप बोलवा!"

पंचायत समितीची जीप धावली. बुलढाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी फक्त वशिंड पाहिलं, औषधं दिली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं: रुग्णास हृदयविकाराचा झटका आला होता, योग्य वेळी निदान करून पाठवल्यामुळे वाचली, अभिनंदन.

डॉक्टर लक्ष्मीकांतांनी पत्र दोनदा वाचलं आणि वहीत नवा नियम लिहिला: 'या तालुक्यात स्त्रीचे हृदय डावीकडे आढळल्यास झटका समजावा.'

त्याच दुपारी उकंडरावांनी धीर एकवटला. तारेचं, आज्याचं, नाडीचं, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, उठून दार लावलं आणि पुन्हा बसले.

"उकंडराव, अहवाल आता कुठे आहे ठाऊक आहे?"

"वर हाय म्हणतात."

"फार वर आहे. त्यावर सात सह्या आहेत. मला मुंबईला व्याख्यानाला बोलावलंय. आता मला सांगा, एकसष्ट स्त्रियांची हृदयं एका दुपारी डावीकडे नेण्याचा अधिकार कंपाउंडरला कोणत्या नियमाखाली मिळतो?"

उकंडरावांना असा नियम आठवेना. "बाकीच्याइचं राहू द्या सायेब. माह्या शारदाचा तेवढा एक डाव काढून पाहा. पोरीची नोकरी चालली."

डॉक्टर मनानं वाईट नव्हते. शिवाय दोन आलेख कमी पडत होते. सत्तावीस मार्चला शारदा पुन्हा टेबलावर निजली, लाल तार उजव्या हाताला बांधली गेली, पहिली ओळ सुतासारखी सरळ आली, आणि बापलेकीनं एकमेकांकडे हसून पाहिलं. डॉक्टर किंचाळले.

"डावीकडे! झटका! हलू नका! हिला बोलू देऊ नका!"

"मले काही होत नाही," शारदा म्हणाली.

"हेच लक्षण! अंबूबाई निदान घामाघूम तरी होती. हा छुपा झटका आहे!"

शारदाला खाटेवर बांधून घातल्यासारखं निजवण्यात आलं. उठायचं नाही, बसायचं नाही, पुस्तक वाचायचं नाही. रंगराव कारकुनानं प्रकरणावर टिपण लिहिलं ते असं: सदर उमेदवाराच्या हृदयाने बदलीचा आदेश नसताना दहा दिवसांत उजवीकडील जागा सोडली असून डावीकडे परस्पर रुजू झाल्याचे दिसते. सबब उमेदवार कायम नेमणुकीस अस्थिर.

सत्यभामाबाई डबा घेऊन आल्या. खिडकीतून त्यांनी लेकीला विचारलं, "लय दुखते का वं?"

"मले फक्त राग येऊन राह्यला, माय."

"राग कोणत्या बाजूले येते?" डॉक्टरांनी आतून विचारलं आणि उत्तर न आल्यानं तसं लिहून ठेवलं.

अठ्ठावीस गेली, एकोणतीस गेली. तीस तारखेला रंगराव टपालाचा गठ्ठा घेऊन खाटेपाशी आले. रंगरावांचा स्वभाव असा की माणसाचं त्यांना काही वाटत नसे, पण अडलेला कागद त्यांना बघवत नसे.

"शारदे, नवीन परिपत्रक आलं हाय. त्या एकसष्ट बायकाइपैकी कोणाचा बालवाडीचा कागद अडला, कोणाचा विम्याचा. तक्रारी गेल्या. आता वरून लिहून आलं: 'सदर तालुक्यातील स्त्रियांबाबत हृदय उजवीकडे असणे हेच यथास्थानी समजण्यात यावे.'"

शारदा ताडकन उठून बसली. "म्हंजे उजवीकडं असलं त दाखला भेटते?"

"हाव. पण तुह्यं त आता डावीकडं हाय. उद्या सांजच्या आत ते उजवीकडं जायला पायजे."

शारदानं छताकडे पाहिलं. तिला तारांची चित्रं आठवली, धामणगावातली खोली पाहून आलेला साडभाऊ आठवला. मग तिनं डावा हात पुढं केला.

"बा, बांधा. तुमच्या आज्याच्या पद्धतीनं."

"पोरी, तूच त म्हणत होती—"

"बांधा म्हणते ना!"

उकंडरावांनी बांधली. कागद आला. सगळी टोकं आज्ञाधारकपणे खाली गेली होती. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई बरी झाली होती, तेही औषधाशिवाय, आणि वर हा शंभरावा आलेख होता. रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'आहे.' रंगरावांनी टिपण पुरं केलं: हृदय स्वेच्छेने मूळ जागी परत रुजू. एकतीस तारखेला दुपारच्या एसटीनं शारदा धामणगावात पोचली. साडभाऊनं खोली सोडली.

संध्याकाळी उकंडराव डॉक्टरांपुढं उभे राहिले.

"सायेब, आता पुढच्या बाईले लाल तार कोणत्या हाताले?"

डॉक्टरांनी खिडकीतून विहिरीकडे पाहिलं. "जशी चालत आली आहे तशीच."

"अन् एखादी अंबूबाईवानी घामाघूम आली त?"

"तर..." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "तर दुसऱ्या हाताला."

त्या दिवसापासून दवाखान्याचं काम फार चोख झालं. बाई आली की उकंडराव आधी तिचा चेहरा बघत, कपाळावर हात फिरवून घाम बघत, आज्यासारखी नाडी बघत. बाई धडधाकट वाटली तर लाल तार डावीकडे, दाखला मिळे. आजारी वाटली तर उजवीकडे, जीप मिळे. निदान तारा बांधायच्या आधीच झालेलं असे, यंत्र फक्त त्याची नक्कल काढे. वर्षभरात एकही चूक झाली नाही. या कामगिरीबद्दल यंत्राला दुसरं यंत्र जोडीला मंजूर झालं. पातेली आली नाहीत.

पुढच्या वर्षी शारदाबाईंच्या चौथीच्या वर्गावर तपासणीला साहेब आले. आरोग्याच्या पुस्तकात, फक्त उकंडरावांच्या तालुक्यातून आलेल्या मुलींसाठी, 'हृदय उजवीकडे' अशी एक चिठ्ठी चिकटवलेली होती. साहेबांनी हुकूम केला, "प्रत्येकानं आपापल्या हृदयावर हात ठेवा पाहू!"

इथल्या मुलामुलींचे हात डावीकडे गेले, त्या तालुक्यातल्या मुलींचे उजवीकडे. साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात मागच्या बाकावरची रुख्मिणी दिसली. ती मायसोबत त्याच तालुक्यातून आलेली, आणि तिचा हात डावीकडे होता.

"बाई, हे काय?" साहेबांनी पेन काढलं. शारदाबाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती.

"रुख्मिणी, तुझं हृदय तिथं कशावरून?"

"इथं धडधडते बाई. लावून पाहा ना हात."

शारदाबाईंनी साहेबांच्या पेनाकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. "तुझा आलेख काढला काय कोणी?"

"नाई बाई."

"मग धडधडते ते तुले वाटते. लिही, उजवीकडे."

रुख्मिणीनं लिहिलं. दहापैकी दहा मिळाले. पण लिहिताना तिचा दुसरा हात डावीकडेच होता, आणि तो शारदाबाईंनी पाहिला नाही. निदान तसं तपासणीच्या वहीत नमूद आहे.

आता शारदाबाईंना हसू नका. हे वाचता वाचता तुमचाही हात छातीवर गेला आहे. पण तो आत्ता गेला. चौथीत 'डावीकडे' लिहून पैकीच्या पैकी घेतलेत, तेव्हा कुठं गेला होता?